श्रद्धेची मोजपट्टी: कुठली घ्यावी, कुठली ठेवून द्यावी

टीवायबीएला प्रोजेक्टचे विषय मागवले की वसईच्या वर्गात दरवर्षी एखादा गट तरी उठतोच, "मॅडम, धार्मिकता आणि परीक्षेचा ताण." विषय हाताशी असतो. नंदाखाल, गिरीज, भुईगाव, कुठंही हाक मारा, कॉलेजात जाणारी कॅथलिक मुलं मिळतात. घोडं अडतं ते मोजायचं कशानं इथं. मी मानसशास्त्र शिकवते आणि रविवारी मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) न चुकता जाते, त्यामुळे धार्मिकता मोजणाऱ्या प्रश्नावल्या दोन्ही चष्म्यांतून वाचल्या जातात. घाईत असलेल्यांसाठी आधीच सांगते: छोट्या प्रोजेक्टला ड्यूकची, मोठ्याला हुबरची. ऑलपोर्ट-रॉसची फक्त शिकवायला ठेवा.

ऑलपोर्ट-रॉसची प्रश्नावली यातली सगळ्यांत नावाजलेली, १९६७ची. वीस विधानं आहेत, नऊ आंतरिक धार्मिकतेची आणि अकरा बाह्य धार्मिकतेची. गॉर्डन ऑलपोर्टना कोडं सोडवायचं होतं ते वेगळंच: चर्चला जाणारी अमेरिकन माणसं न जाणाऱ्यांपेक्षा जास्त पूर्वग्रह कशी बाळगतात? उत्तर निघालं ते असं, की काही जण धर्म जगतात (आंतरिक) आणि काही जण तो वापरतात (बाह्य), आणि पूर्वग्रह वापरणाऱ्यांत जास्त. त्या काळात, त्या समाजासाठी हे मोठंच काम होतं. वर्गात शिकवायला तर फारच छान, मुलं लगेच आपल्या काकांची नावं घ्यायला लागतात.

पण ती आमच्या मुलांच्या हातात दिली की गडबड सुरू होते. चर्चमुळे चांगली माणसं जोडली जातात, अशा अर्थाच्या विधानाला होकार दिला की गुण थेट बाह्य बाजूला जमा. आमच्या एका विद्यार्थ्यानं स्वतःच हसत मला आपला निकाल दाखवला. चर्चच्या गायनमंडळात कीबोर्ड वाजवतो. मित्र तिथलेच, म्हणून तसं प्रामाणिकपणे लिहिलं, आणि ठरला 'धर्म वापरणारा'. हा मुलगा मे महिन्यात गावच्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी जपमाळेसाठी माइक लावतो, प्रार्थना संपली की उकडलेले चणे वाटतो, गावात कुणी गेलं तर खुर्च्या मांडायला सगळ्यांच्या आधी हजर असतो. एकांतात चिंतन करतोस का, या प्रश्नावर त्यानं कमी गुण दिले होते. कसा करणार? घरात त्याला एकट्याची खोलीच नाही.

हे काही माझं एकटीचं रडगाणं नाही. अ‍ॅडम कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये हाच मुद्दा मांडला: खरी श्रद्धा एकट्याच्या मनात आणि संगतीतली ती दुय्यम, ही वाटणी अमेरिकन प्रोटेस्टंट घडणीतून आलेली आहे, आणि कॅथलिक किंवा ज्यू परंपरेत समुदाय हा श्रद्धेचाच भाग असतो. वसईत हे समजायला शोधनिबंध लागत नाही, एक मयत पुरे. शिवाय या प्रश्नावलीची आणखी एक खोड खुद्द ऑलपोर्ट आणि रॉस यांच्याच लक्षात आली होती. काही लोक आंतरिक आणि बाह्य दोन्ही विधानांना माना डोलवतात. धर्माबद्दल जे काही चांगलं वाटेल त्याला 'हो'. आमच्याकडं अशांचा सुकाळ आहे, कारण धर्मशिक्षणाच्या वर्गात चुकीचं उत्तर द्यायची सवयच कुणाला लागलेली नसते.

फुलर्टन आणि हन्सबर्गर यांची ख्रिश्चन ऑर्थोडॉक्सी स्केल, १९८२ची, आली कॅनडातून. चोवीस विधानं, मूळ श्रद्धासूत्रांवर बेतलेली: त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव), येशूचा कुमारीपासून जन्म, पुनरुत्थान. अंतर्गत सुसंगतीचा अल्फा ०.९७च्या आसपास, म्हणजे कारागिरी चोख. मात्र ज्यांनी दृढीकरणाच्या (कन्फर्मेशन या संस्काराच्या) तयारीत हेच सगळं पाठ केलंय त्यांना ही देऊन काय मिळणार? बहुतेक सगळे वरच्या टोकाला गर्दी करतात. सगळ्यांचेच गुण सारखे असले तर परीक्षेच्या तणावाशी त्यांचा सहसंबंध काढायचा कुठून? मग मुलं एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरकडे बघत बसतात आणि मला विचारतात, "मॅडम, आमचं काही चुकलं का?" निम्मी विधानं उलटी आहेत, येशू हा केवळ एक थोर माणूस होता अशा धर्तीची. ही मुद्दाम घातलेली असतात, न वाचता खुणा करणाऱ्याला पकडायला. एका सिस्टरांनी तो कागद हातात घेऊन माझ्याकडे असं पाहिलं, की पुढची दहा मिनिटं उलट्या विधानांचं शास्त्र समजावण्यात गेली. शेवटी त्या म्हणाल्या, "ठीक आहे, पण मोठ्या अक्षरात लिहा की हे आपलं मत नाही."

सांता क्लारा प्रश्नावली (प्लांटे आणि बोकाचिनी, १९९७) दहा विधानांची, चारच पर्याय, गुण १० ते ४०. पाच मिनिटांत संपते, कुठल्याही पंथाला चालते, विद्यार्थ्यांवरच घडवलेली आहे. तक्रार नाही आणि कौतुकही बेताचंच. एकूण गुण येतो, पण तो नेमका कशाचा, हे कळत नाही.

ड्यूक विद्यापीठाची ड्यूरेल (DUREL) प्रश्नावली मला आवडते ती तिच्या साधेपणामुळे. पाच प्रश्न: चर्चला किती वेळा जाता हा एक, खासगी प्रार्थना-वाचन किती हा दुसरा, आणि मनातल्या श्रद्धेबद्दल तीन. तिन्ही भागांचे गुण वेगळे ठेवा, असं कोनिग आणि ब्यूसिंग यांनी २०१०च्या लेखात बजावून सांगितलंय. एकूण बेरीज करून मोकळे होऊ नका. इथंच ती आमच्या मुलांना न्याय देते. रविवारी हजर पण घरी बायबल उघडत नाही, असा मुलगा तिच्यात तसाच दिसतो. कमी धार्मिक असा शिक्का त्याच्यावर बसत नाही.

स्टेफान हुबर आणि ओडिलो हुबर यांची सेंट्रॅलिटी स्केल (२०१२) हिच्याहून भरीव. विचार, विश्वास, सार्वजनिक उपासना, खासगी उपासना आणि अनुभव असे पाच पैलू, आणि पाच, दहा किंवा पंधरा प्रश्नांच्या आवृत्त्या. पाचपैकी सरासरी ४ किंवा वर आली तर श्रद्धा माणसाच्या केंद्रस्थानी, असं मानतात. सार्वजनिक उपासनेला इथं खासगीइतकंच वजन आहे, म्हणून आमचा कीबोर्डवाला हिच्यात शाबूत राहतो. हिंदू, मुस्लिम, बौद्ध उत्तरदात्यांसाठी वाढीव प्रश्नांची रूपंही आहेत. निर्मळच्या जत्रेत सुकेळी (वाळवलेली केळी) घ्यायला सगळी वसई एकत्र येते, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांना एकच साधन देता येणं मला महत्त्वाचं वाटतं. लेख खुल्या नियतकालिकात आहे, एक पैसा पडत नाही. दोष एकच: पंधरा प्रश्नांची आवृत्ती कंटाळलेली मुलं शेवटाकडं भराभर उरकतात.

डॅनियल बॅटसनच्या क्वेस्ट प्रश्नावलीबद्दल स्वतंत्र लिहावं लागेल. तिच्यात शंका घेणं हा धार्मिकतेचाच एक प्रकार धरला आहे. बारा विधानं. ती भरताना एक मुलगी म्हणाली, "हे मला कुणी आजवर विचारलंच नव्हतं." एमएच्या मुलांनी जरूर बघावी.

कुठलीही घ्या, ती चर्चच्या हॉलमध्ये भरून घेऊ नका. नाव लिहायचं नाही म्हटलं तरी शेजारी मावशीची मुलगी असते आणि कागद गोळा करणारी व्यक्ती आईला ओळखते. कॉलेजच्या वर्गात, एक बाक सोडून बसवा आणि कागद पेटीत टाकायला लावा. उपासकाळ (ईस्टरआधीचा लेंट) आणि नाताळचा आठवडा टाळा, त्या दिवसांत सगळेच संत असतात. निम्म्यांनी तर तेवढ्यापुरतं इन्स्टाग्रामही सोडलेलं असतं. जुलै-ऑगस्ट बरा, पावसात मुलं वर्गात बसलेली सापडतात. प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या, नंतर ती मिळवायला फार फिरावं लागतं.