पुडीतलं विरजण आणि पाडव्याचं श्रीखंड

वडोदऱ्यात आमच्या घरी पाडव्याला श्रीखंड घरचंच. यंदा दोन लिटर म्हशीच्या दुधाला दांडिया बाजारातून आणलेली विरजणाची पुडी वापरली. सकाळी दही सुरीनं कापावं असं घट्ट, चक्क्याचा आंबटपणा अगदी बेताचा.

पुडीवर 'स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस' हे दही लावणाऱ्या जिवाणूचं नाव वाचलं आणि हरखलेच; मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. या जिवाणूंना मारणारे विषाणू घुसले की डेअरीतलं अख्खं पिंप विरजायचं थांबतं. पण २००७ मध्ये डॅनिस्को कंपनीच्या बारांगू, होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी याच जिवाणूत दाखवलं, की हल्ल्यातून वाचलेले जिवाणू विषाणूच्या डीएनएचा तुकडा स्वतःच्या डीएनएत, क्रिस्पर नावाच्या, अशाच तुकड्यांच्या रांगेत जपून ठेवतात. तोच विषाणू परत आला की त्या तुकड्याची आरएनए प्रत त्याला ओळखते आणि जिवाणूचं कॅस नावाचं प्रथिन त्याचा डीएनए कापतं. ही आठवण पुढच्या पिढ्यांनाही मिळते! विषाणूनं नेमका तोच भाग बदलला, तर मात्र निसटतो.

तक्रार एकच, पुडीवर तापमान छापलेलं नाही. दूध ४२ अंशांच्या आसपास असताना विरजा. उरलेली पुडी घट्ट बांधून फ्रीजरमध्ये. मी अक्षय्य तृतीयेसाठी आणखी दोन आणल्यात.