बोरिवलीची शिलाहार फेरी: कान्हेरी झकास, एकसरला घोळ

आधी कान्हेरी, मग भर उन्हात एकसरचे वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि वाटेत बसमध्ये अपराजित या राजाच्या बंडाची गोष्ट (तो उत्तर कोकणावर राज्य केलेल्या शिलाहार घराण्यातला), असा या अर्ध्या दिवसाच्या फेरीचा क्रम. पाचपैकी तीन. अर्धा गुण नुसत्या विषय निवडीचा, कारण मुंबईच्या इतिहासाची फेरी म्हटलं की लोक किल्ल्यापलीकडे सहसा जात नाहीत.

कान्हेरीचा भाग भक्कम आहे. दरबार लेण्यात मार्गदर्शक थेट शिलालेखांपाशी नेतो. शक ७७५ च्या (इ.स. ८५३ च्या सुमाराच्या) लेखात राष्ट्रकूट अमोघवर्ष सम्राट, त्याच्या हाताखाली कोकणात शिलाहार कपर्दी, आणि गौड देशाहून आलेल्या अविघ्नाकराने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ठेवलेले १०० द्रम्म, म्हणजे त्या काळची नाणी. शिलाहार हे मांडलिक होते, ही गोष्ट इथे दगडावरच वाचता येते. ती कळल्याशिवाय अपराजित कळत नाही.

पण बस सुटली की मार्गदर्शकाचा सूर पोवाड्याचा होतो. ‘स्वातंत्र्यासाठी उठलेला राजा’ हे ऐकायला बरं वाटतं, पण मुद्दा वेगळाच आहे. इ.स. ९७३ च्या सुमारास चालुक्य तैलपाने राष्ट्रकूट कर्काचं राज्य घेतलं. अपराजिताने या नव्या धन्याला मान दिला नाही. त्याच्या ९९७ च्या भादाणे ताम्रपटात बुडालेल्या राष्ट्रकूटांची वंशावळ सविस्तर दिली आहे आणि ते राज्य गेल्याची हळहळही आहे. बंडखोर खरा, पण जुन्या घराण्याशी इमान राखून. भादाणं भिवंडीकडचंच; या ताम्रपटावर पाच मिनिटं द्यायला हवी होती, मिळाली अर्धी.

मांडलिकत्रिनेत्र, बिरुदंकराम अशी बिरुदं, आश्रयाला आलेल्या गोम्माला अभय, ऐयपदेवाचं राज्य सावरणं हे सगळं मार्गदर्शक रंगवून सांगतो. शेजाऱ्यांच्या भांडणात असं हात घालणाऱ्याला पाठीशी सम्राट लागतो. इथे तोच उरला नव्हता, हे मात्र राहून जातं. मग तैलपाचा मुलगा सत्याश्रय कोकणावर आला. कन्नड कवी रन्न लिहितो की एकीकडे समुद्र, दुसरीकडे सैन्य, आणि राजाची गत दोन्ही टोकांनी पेटलेल्या काडीवरच्या किड्यासारखी. अंशुनगर जाळलं, २१ हत्ती खंडणीत गेले. रन्न सत्याश्रयाचा आश्रित होता, तेव्हा थोडा मीठमसाला कमी करून घ्यावा.

खरा घोळ एकसरला. वीरगळावरची जहाजं ‘अपराजिताच्या पळाची’ म्हणून दाखवली जातात. याला आधार नाही. ही सागरी लढाई सहसा शेवटचा शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांची मानतात, म्हणजे अपराजितानंतर सुमारे अडीचशे वर्षांची; सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचं यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहिलंय. काही अभ्यासक दगड अकराव्या शतकातले धरतात, तो वाद वेगळा. शिवाय वर्णन वरच्या पट्टीपासून सुरू केलं. वीरगळ खालून वर वाचतात: तळाला लढाई, मधे अप्सरा वीराला नेताना, वर शिवपूजा, माथ्यावर कलश. उलटं वाचलं तर वीर स्वर्गातून लढाईला उतरतो!

दुपारच्या उन्हात उथळ कोरीवकाम सपाट दिसतं. एका वीरगळाच्या तळाला पाच जहाजं आहेत, प्रत्येकाला एका बाजूला नऊ वल्ही. ती मोजायची तर तिरपा उजेड हवा. म्हणून आयोजकांनी क्रम फिरवावा, एकसर सकाळी लवकर. वल्ही दिसावीत म्हणून दगडावर पाणी किंवा पावडर टाकायचा मोह मात्र नको.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी कान्हेरी बंद. लेणी राष्ट्रीय उद्यानात आहेत; उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं वेगळं. फेरीच्या पैशात कोणतं धरलंय ते आधी विचारा. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत आणि माकडं पिशवी ओढतात, खाऊ हातात नको. सोबत मिळणाऱ्या नकाशात शिलाहारांची राजधानी पुरी बिनदिक्कत घारापुरीवर दाखवली आहे. तिथे प्रश्नचिन्ह घालून घ्या, जागेचा वाद अजून मिटलेला नाही. फेरी एकसरला संपते, परतायला तिथलंच मेट्रो स्थानक सोयीचं.