शेवाळ थांबवणारा निळा लाइट: सोलापुरातल्या मासे पाळणाऱ्यांनो, पैसे घालवू नका

घरी फिशटँक असेल आणि काचेवर हिरवं शेवाळ धरत असेल, तर दुकानदार तुम्हाला ‘अँटी-अल्गी’ लाइट दाखवण्याची शक्यता आहे. मला तो २,२०० रुपयांना विकला गेला. दुसऱ्या कुणाचे पैसे जाऊ नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

दुकानदार म्हणाला, “काकू, तुमच्या पांढऱ्या-पिवळ्या उजेडामुळंच शेवाळ येतंय बघा. ह्या निळ्याखाली ते जगतच नाही. इम्पोर्टेड आहे, गॅरंटी माझी.” दुकानातल्या टाकीवर तोच दिवा लावलेला होता. निऑन टेट्रा झगमगत होते आणि काच स्वच्छ दिसत होती. बिल मागितलं तर पावतीवर फक्त ‘लाइट’ एवढंच लिहून दिलं.

घरी मात्र शेवाळ वाढतच गेलं. आधी काचेवर बारीक हिरवा थर आला, मग वॅलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडांना केसाळ धागे लोंबायला लागले. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, “उजनीचं पाणीच तसलं आहे, त्याला मी काय करू?” आणि वर शेवाळ मारायची बाटली पुढं केली. त्या बाटलीवर घटकांचा उल्लेखही नव्हता. शेवाळाच्या काही औषधांत तांबं असतं. ते माशांना झेपलं तरी कोळंबी आणि गोगलगायी मरू शकतात. मी ती घेतली नाही.

लाइटच्या खोक्यावरचं चकचकीत स्टिकर एका कोपऱ्यात सुटलं होतं. ते ओढल्यावर खाली मूळ छपाई निघाली: साधा निळा-पांढरा एलईडी ॲक्वेरियम लॅम्प. शेवाळाचा शब्दही नाही. हाच लॅम्प दुसऱ्या दुकानात ४५० रुपयांना मिळत होता.

आता मूळ दाव्याबद्दल. हिरव्या शेवाळात आणि टाकीतल्या वनस्पतींत तेच हरितद्रव्य असतं, आणि ते सगळ्यात जास्त निळा आणि लाल प्रकाशच शोषतं. म्हणजे शेवाळ ज्यावर पोसतं तोच उजेड मला शेवाळाचं औषध म्हणून विकला. झाडं जगवणारा पण शेवाळ मारणारा असा कुठलाच रंग नाही. नव्या टाकीत काचेवर येणारा तपकिरी थर डायटम या सूक्ष्म शेवाळाचा असतो, तोही निळा प्रकाश छान वापरतो. दुकानातली काच स्वच्छ दिसण्यामागंही रंगाचाच खेळ असू शकतो, कारण निळ्या उजेडात हिरवा थर काळपट पडतो आणि पटकन डोळ्यांत भरत नाही.

शेवाळ वाढतं ते उजेड किती वेळ आणि किती तीव्र आहे, टाकीवर ऊन येतं का, आणि पाण्यात खाद्याचा, माशांच्या विष्ठेचा किती साठा होतो यावर. माझी टाकी पूर्वेच्या खिडकीजवळ होती आणि दिवा सकाळपासून रात्री झोपेपर्यंत चालू असायचा. एवढं दुकानदारानं विचारलं असतं तर काहीच विकायची गरज नव्हती. टाकी हलवली, टायमर लावून उजेड दिवसाला सात तासांवर आणला, खाद्य कमी केलं आणि दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायला लागले. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून त्यासाठी एक पिंप वेगळं भरून ठेवते. पाणी तेच उजनीचं, आणि दिवाही जुनाच पांढरा. नवीन शेवाळ येणं जवळपास थांबलंय.

लाइट घ्यायचाच असेल तर खोक्यावर वॅट, ल्युमेन (उजेड किती) आणि केल्विन (उजेडाची रंगछटा) छापलेलं बघा. झाडांच्या टाकीला ६,५०० केल्विनच्या आसपासचा साधा पांढरा दिवा चालतो. दुकानदार ‘शेवाळ येणार नाही’ म्हणत असेल, तर तेच वाक्य बिलावर लिहून मागा, नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. पैसे गेलेच असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. मी १९१५वर तक्रार नोंदवली आहे. सोबत पावती आणि स्टिकर काढलेल्या खोक्याचे फोटो जोडलेत.