८ महिने मँडरिन टोनचं अॅप वापरून: खाफेइ अजून ४३ वरच

मँडरिन म्हणजे चिनी भाषेत तोच उच्चार आवाजाच्या चढउताराने, म्हणजे टोनने, वेगळा शब्द होतो. असे चार टोन, मा-मा-मा-मा वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडतो. ३,२०० रुपये वर्षाचे भरले ते फक्त त्या ग्राफसाठी, आपण बोललो की आवाजाची चढउताराची रेषा दिसते आणि मार्क मिळतात. सुट्या शब्दांना मस्त चालतं, दोन महिन्यांत नव्वदच्या वर जायला लागलो. वाक्यं सुरू झाली आणि वाट लागली.

वाक्य होतं 'था चिन्थ्येन ह खाफेइ', तो आज कॉफी पितोय. सगळी अक्षरं पहिल्या टोनची, उंच सपाट. मला 'आजच' म्हणायचं होतं. आपल्याकडे एक च लावला की काम झालं, तिथे ते आवाजाने करायचं, चिन्थ्येन (आज) नेहमीपेक्षा वर आणि त्यानंतरचं सगळं खाली दाबून. बीजिंगकडे असंच बोलतात. अॅप म्हणतं खाफेइ ४१, 'टोन खूप खाली'. अरे बाबा, खालीच जायला पाहिजे, सपाट राहिलाय ना! तैवानच्या मँडरिनमध्ये हे दाबणं नसतं, पण सेटिंगमध्ये तर यांनी बीजिंग लिहिलंय. सपोर्टला मेल केला तर उत्तर काय, शांत खोलीत बसून माइक तपासा. मे महिन्यात पंखा बंद करून बसलो. ४३.

मग चिडून प्राट टाकलं, आवाजाचा ग्राफ काढून दाखवणारं सॉफ्टवेअर, अॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या दोघांनी केलेलं, फुकट आहे. माझं खाफेइ खाली पण सरळ रेषेत, म्हणजे मी बरोबर!

पण तिथेच माझंही पितळ उघडं पडलं. 'वो याओ माइ छा', मला चहा घ्यायचाय. विकायचा नाही, घ्यायचाय, म्हणून माइवर जोर दिला, आणि जोर म्हणजे आवाज वर हे डोक्यात फिट. तिसरा टोन मुळात खालचा, जोर दिला की तो अजून खाली जातो. मी वरून आपटला, तो झाला चौथा, आणि चौथ्या टोनचं माइ म्हणजे विकणं, म्हणजे चहा विकायला काढला. अॅपने २८ दिले होते तेव्हा मी त्यालाही शिव्या घातल्या होत्या, त्या परत घेतो.

एक स्टार देणार होतो, आता तीन. ऑटो रिन्यूअल मात्र बंद केलंय. चार महिने उरलेत ते वसूल करणार, सुटे शब्द आणि तिसरा टोन अॅपवर, वाक्यं प्राटमध्ये, पंखा चालू ठेवून.