हँडरब घेताना आधी पंप दाबून पाहा

आपल्याकडच्या वॉर्डांत हँडरबला, म्हणजे हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या जंतुनाशकाला, सर्रास 'स्टेरिलियम' म्हणतात, मग बाटली कुठल्याही कंपनीची असो. झेरॉक्ससारखंच झालंय ते. मूळ स्टेरिलियम जर्मनीच्या बोडे कंपनीचं, 1965 सालचं. त्याच्या 100 ग्रॅममध्ये 45 ग्रॅम 2-प्रोपेनॉल, 30 ग्रॅम 1-प्रोपेनॉल आणि 0.2 ग्रॅम मेसेट्रोनियम हे आणखी एक जंतुनाशक असतं. पाण्यासारखं पातळ, निळं. जंतू मारण्यात त्याला नाव ठेवायला जागा नाही. प्रश्न येतो तो छोट्या नर्सिंग होमच्या बजेटचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा हँडरब फार्मसीतच तयार करता येतो. दहा लिटरसाठी 99.8 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल 7515 मिली, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड 417 मिली, 98 टक्के ग्लिसरीन 145 मिली; वरून दहा लिटरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं पाणी. झाकण लगेच लावायचं, नाहीतर अल्कोहोल उडतं. पेरॉक्साइड हातांसाठी नसतं, ते डब्या-बाटल्यांतल्या जंतूंचे बीजाणू मारतं. म्हणून भरलेल्या बाटल्या 72 तास बाजूला ठेवायच्या. घाईत हाच टप्पा गाळला जातो. अल्कोहोलमीटरवर प्रमाण 70 ते 80 टक्क्यांत यायला हवं. ग्लिसरीन जास्त पडलं की हात चिकचिकतात, ग्लोव्हज चढत नाहीत, आणि दोन दिवसांत सिस्टर तो वापरणं सोडून देतात. ओतणारा मापात पक्का असेल तर हा हँडरब उत्तम आहे. कोणीही येऊन अंदाजाने ओतणार असेल तर विकतचाच घ्या.

जेलची आम्ही शिफारस करत नाही. ते हातावरून ओघळत नाही हे खरं, पण पंपाच्या तोंडाशी सुकून खडा धरतं आणि मग धार भलतीकडेच उडते, कधी समोरच्याच्या डोळ्यात. तरीही जेलच घ्यायचं असेल तर लेबलवर ईएन 1500 या हँडरबच्या युरोपीय चाचणीचा उल्लेख आहे का बघा. बाजारातली सगळीच जेल त्यात बसत नाहीत.

खरी परीक्षा पंपाची. नव्या बाटलीचा पंप दहा वेळा मापात दाबा. 12 मिली पडले तर एका दाबाला 1.2 मिली, म्हणजे 3 मिलीसाठी तीन दाब. राउंडवर तीनदा कोणी दाबत नाही, एकदाच दाबतात. तेवढा द्रव तळवे आणि बोटांच्या फटींतच सुकून जातो. अंगठा आणि बोटांची टोकं कोरडीच राहतात. सलाइनची सुई लावताना, ड्रेसिंग करताना नेमकी तीच टोकं लागतात. हात 20 ते 30 सेकंद ओले राहायला हवेत. म्हणून एका दाबात दीड मिली किंवा जास्त देणारा पंप निवडा आणि बाटलीवर मार्करने 'दोन दाब' लिहून टाका.

भिंतीवरचे सेन्सरवाले डिस्पेन्सर दिसायला झकास असतात. पण जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कोपरानेही ते सुरू होतात, फरशीवर थेंब सांडून मावशी घसरतात, आणि सेल संपले की बदलायचे कोणी, हे ठरलेलं नसतं. दारामागे बसवलेला तर कोणाला दिसतच नाही. त्यापेक्षा प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी कडीत अडकवलेली 500 मिलीची साधी बाटली बरी. पेशंटला हात लावण्यापूर्वी वेगळी चार पावलं चालावी लागू नयेत, एवढाच हिशेब. नातेवाईक बाटली नेतील म्हणून ती कपाटात कुलूपबंद ठेवणं म्हणजे ती घेतलीच नाही असं समजा.

इंडेंट, म्हणजे स्टोअरकडे मागणी, करताना 1000 पेशंट-दिवसांना (एक पेशंट एक दिवस भरती, तो एक पेशंट-दिवस) 20 लिटर हा आकडा धरतात. म्हणजे एका पेशंटमागे दिवसाला 20 मिली, जेमतेम सहा-सात वेळा हात चोळण्याइतका. 30 खाटा भरलेल्या असतील तर महिन्याला 18 लिटर, अर्ध्या लिटरच्या 36 बाटल्या. स्टोअरमधून 12 च गेल्या असतील तर हात स्वच्छ करण्याचं पोस्टर कितीही मोठं लावा, काय चाललंय ते कळतंच. आयसीयूला याच्या कितीतरी पट लागतो.

हँडरब कुठे चालत नाही, हेही घेणाऱ्याने लक्षात ठेवावं. हाताला रक्त किंवा घाण दिसत असेल, किंवा पेशंटला क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तर साबण आणि पाणी, 40 ते 60 सेकंद. ग्लोव्हजवरून हँडरब चोळू नये. अर्ध्या रिकाम्या बाटलीत वरून ओतून भर घालू नये. धुऊन, वाळवून मगच भरावी. 75 टक्के आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट 19 अंश आहे, म्हणजे विदर्भातल्या मे महिन्यातच नव्हे, आपल्या नेहमीच्या तापमानालाही त्याची वाफ पेट घेऊ शकते. मोठा साठा थंड, हवेशीर खोलीत ठेवा, ऑक्सिजन सिलिंडरशेजारी नको.

आणि लेबल. 31 जानेवारी 2021 ला यवतमाळ जिल्ह्यात 12 बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले. म्हणून पारदर्शक हँडरब ड्रॉपरच्या किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीत कधीही भरू नका, आणि औषधांच्या ट्रेमध्ये त्याला जागा देऊ नका. पंपाची बाटली, मोठ्या मराठी अक्षरांत 'फक्त हातांना लावण्यासाठी', भरल्याची तारीख आणि बॅच नंबर, एवढं असल्याशिवाय ती स्टोअरबाहेर सोडू नये.