पॅलेटसाठी एचएसएल वापरावं की ओकेएलसीएच?

एका ॲपसाठी मी स्टेटसची लेबलं केली होती. ‘मंजूर’ हिरवं, ‘नाकारलं’ लाल, ‘नवीन’ निळं, ‘प्रलंबित’ पिवळं. एचएसएलमध्ये, म्हणजे रंगछटा, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) आणि उजळपणा या तीन आकड्यांनी रंग लिहिण्याच्या पद्धतीत, चारही रंगांचा उजळपणा ५० टक्के ठेवला, सॅच्युरेशन पूर्ण, फक्त रंगछटेचा आकडा बदलत गेलो. वर पांढरी अक्षरं. फोनवर उघडून पाहिलं, तर ‘नवीन’ ठसठशीत दिसत होतं आणि ‘प्रलंबित’ जवळजवळ गायब.

निव्वळ निळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणाचं गुणोत्तर) भरतो ८.५९ : १, निव्वळ पिवळ्यावर फक्त १.०७ : १. तरीही एचएसएलच्या लेखी दोन्ही सारखेच उजळ! कारण एचएसएल ही आरजीबीच्या (स्क्रीनवरच्या लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाच्या) आकड्यांची फेरमांडणी आहे. डोळ्याला कोणता रंग किती उजळ वाटतो, याचा हिशेब तिच्यात नाही.

ओकेएलसीएच तो हिशेब धरून चालतं. त्यात रंग उजळपणा, क्रोमा (रंगाचा भडकपणा) आणि रंगछटा या आकड्यांत लिहितात. ब्योर्न ओटोसन यांनी २०२० मध्ये मांडलेल्या ओकेलॅब या रंगमापनाच्या पद्धतीचंच हे रूप. इथे त्याच पिवळ्याचा उजळपणा ०.९७ येतो आणि निळ्याचा ०.४५ (० म्हणजे काळा, १ म्हणजे पांढरा). म्हणजे फरक रंग निवडतानाच आकड्यात दिसतो. एका निळ्याच्या फिकट ते गडद अशा दहा पायऱ्या हव्या असतील, तर ओकेएलसीएचमध्ये त्या डोळ्यालाही बऱ्यापैकी समान अंतरावर वाटतात. एचएसएलमध्ये निळा फिका करत गेलं की तो जांभळ्याकडे झुकल्यासारखा दिसतो, मग एकेक पायरी हाताने दुरुस्त करत बसावं लागतं. डार्क मोडसाठी दुसरा संच करताना तर हे काम दुप्पट होतं.

एचएसएल टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. दोन-तीन रंगांचं छोटं पान, बटणावर माउस नेल्यावर थोडी गडद छटा, एवढ्यासाठी ते पुरतं. टीममध्ये सगळ्यांना वाचता येतं आणि जुन्या ब्राउझरमध्येही चालतं. ओकेएलसीएच क्रोममध्ये आवृत्ती १११ पासून आणि फायरफॉक्समध्ये ११३ पासून आलं, दोन्ही २०२३ मधल्या.

ओकेएलसीएचची खरी अडचण क्रोमाची. गडद पण भडक पिवळा आकड्यात लिहिता येतो, स्क्रीनवर मात्र तो अस्तित्वातच नसतो. मग ब्राउझर जवळचा दुसरा रंग दाखवतो. अँड्रॉइडच्या रंगांच्या फाइलमध्ये शेवटी हेक्स, म्हणजे # ने सुरू होणारा रंगाचा कोडच लिहायचा असतो, तेव्हा रूपांतर आलंच.

दहा-बारा रंग, डार्क मोड आणि पुढे वाढत जाणारं ॲप असेल, तर मी बेलाशक ओकेएलसीएच घेईन. कॉन्ट्रास्ट मात्र दोन्हीकडे वेगळा मोजावाच लागतो. डब्ल्यूसीएजी या वेब सर्वांना वापरता यावं यासाठीच्या मार्गदर्शक नियमांच्या एए (मधल्या) पातळीला नेहमीच्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ लागतो. पांढऱ्यावर #७६७६७६ हा करडा ४.५४ ने पास होतो, #७७७७७७ हा ४.४८ ने नापास. नुसत्या नजरेने हा फरक कुणालाच कळणार नाही.

आणि एक धोका ओकेएलसीएचमध्ये उलट वाढतो. लाल आणि हिरवा हुबेहूब सारख्या उजळपणाचे केले, की लाल-हिरवा ओळखायला अडचण येणाऱ्यांना उरलेला शेवटचा फरकही आपण पुसून टाकतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत अशांचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे. म्हणून यादीत नुसता रंगीत ठिपका देणार असाल, तर ‘नाकारलं’चा लाल मुद्दाम दोन पायऱ्या गडद ठेवा आणि ठिपक्याच्या जागी फुली द्या.