रेसिडेन्सीचा अर्ज की भाड्याच्या गॅलरीत प्रदर्शन?

रेसिडेन्सी म्हणजे एखाद्या संस्थेकडे ठरावीक काळ आपलं काम करायला जाणं. एका चित्रकार मैत्रिणीला दोन्ही एकदम जमण्यासारखं नाही. आपलं काम लोकांनी पाहावं, एवढंच तिला हवंय.

गॅलरीचं भाडं, फ्रेमिंग, वाहतूक, निमंत्रणं हे सगळं आपल्या खिशातून. विक्री झाली नाही तर पैसे गेले. रेसिडेन्सीत मात्र तऱ्हा अनेक. कुठे स्टुडिओ, राहणं आणि मानधनही मिळतं, कुठे उलट कलाकाराकडूनच फी घेतात. नाव एकच, धंदा वेगळा! म्हणून अटी आधी वाचायच्या.

खरा प्रश्न काम कोण पाहतं हा. प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी गर्दी होते, पण बहुतेक ओळखीच्यांची. रेसिडेन्सीत माणसं कमी, पण एखादा क्युरेटर, म्हणजे प्रदर्शनांसाठी काम निवडणारा माणूस, स्टुडिओत तासभर बसतो, अर्धवट कॅनव्हासवरही बोलतो. न्यूयॉर्कच्या स्टुडिओ म्युझियम इन हार्लेमची रेसिडेन्सी तर प्रदर्शनानेच संपते. नावाजलेला अमेरिकी चित्रकार केहिंदे वायली २००१-०२ मध्ये तिथे होता. अर्थात अशा जागा मोजक्याच.

मेहनत रेसिडेन्सीला जास्त: कामाचे नीट फोटो, आपल्या कामाबद्दलचं निवेदन, तिथे काय करणार त्याचा प्रस्ताव. वर नकार येणार हे धरूनच चालायचं.

वीसेक चित्रं तयार आहेत, घेणारे माहीत आहेत, तर गॅलरी घ्यावी. ज्यांचं काम अजून वळण घेतंय, कलाक्षेत्रात ओळखी नाहीत, त्यांनी रेसिडेन्सीला अर्ज करावा. मैत्रिणीची नवी मालिका अर्धीच झालीय; तिला मी अर्जच भरायला सांगितलं.